वरच्या दोन फळ्यांवरचे उंदीर

संशोधन संस्थेच्या तळघरात साडेसातशे उंदीर होते आणि त्या सगळ्यांचे मिळून एक मामा होते. बावीस वर्षांपूर्वी ते प्राणिगृहात मदतनीस म्हणून लागले तेव्हा त्यांना स्वतःचं चांगलं नाव होतं. कुणीतरी थट्टेनं 'उंदीरमामा' म्हटलं, काही दिवसांनी त्यातला उंदीर गळाला आणि नुसते मामा उरले. त्यांची बायको एकदाही त्या तळघरात उतरली नव्हती, तरी तीही आपोआप सगळ्यांची मामी होऊन बसली.

मामांचं काम वरकरणी सोपं. पिंजऱ्यातला ओला भुसा काढायचा, कोरडा घालायचा, पाण्याच्या बाटल्या धुऊन भरायच्या, खाद्याच्या कांड्या जाळीत टाकायच्या आणि ठरल्या दिवशी एकेका उंदराला तराजूवरच्या डब्यात बसवून वजन लिहायचं. पण ते ज्या निगुतीनं हे सगळं करत ती पाहत राहावी अशी होती. उंदराला शेपटीला धरून उचलणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. ते स्वतः ओंजळ पुढे करायचे आणि उंदीर आपणहून तीत चढेपर्यंत थांबायचे. "पाहुणा दारात आला तर त्याला कान धरून आत घेतो का आपण?" असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला विचारत.

अडचण एकच होती. मामा तळघरात आणि चहा वर. मध्ये चोवीस पायऱ्या. लिफ्ट होती, पण ती सामानाची, आणि आत 'माणसांनी बसू नये' अशी पाटी. मामांनी एकदा "मी तरी कुठे बसतोय, उभाच आहे" म्हणत भुशाच्या पोत्यांबरोबर तीत शिरून पाहिलं. लिफ्ट दोन फूट चढली, जरा विचारात पडली आणि गुमान खाली आली. तेव्हापासून जिना.

मामांचं वजन एकशे चार किलो होतं आणि उंची मात्र बेताची. दहाव्या पायरीला ते कठडा धरायचे, सोळाव्या पायरीवर भिंतीवरची अग्निशमनाची सूचना लक्ष देऊन वाचायचे. ती त्यांना तोंडपाठ झाली होती. वर पोचले की छातीतून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक सूं सूं आवाज यायचा.

"मामा, दम लागला?" कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे.

"उंदरांचे केस हो! बावीस वर्षं फुप्फुसात साठतायत. आता आतून गोधडी झाली असेल."

लोक हळहळत. विज्ञानासाठी माणूस झिजतोय, असं एकजण म्हणालाही. 'झिजतोय' हा शब्द मामांकडे पाहून सुचणं कठीण होतं, पण हळहळ खरी होती. मामांचाही स्वतःच्या बोलण्यावर पुरता विश्वास बसला होता. उंदरांना दोष दिला की क्रीमच्या बिस्किटांना देण्याची वेळ येत नसे. सकाळी एक पुडा, दुपारी एक, आणि घरी जाताना वाटेत लोणी-साखर लावलेला पाव.

घरी मामी कपडे शिवायची. तिचं मशीन खिडकीपाशी आणि मामांच्या पँटी कायम मशीनवर. दर सहा महिन्यांनी ती कमरेची शिवण उसवून थोडी थोडी सैल करून द्यायची. एका संध्याकाळी तिनं पँट उलटी केली, शिवणीत बोट फिरवलं आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"आता माया उरली नाही."

मामा दचकले. "असं काय बोलतेस? तीस वर्षांचा संसार आपला."

"पँटीत! शिवणीत माया उरली नाही. होती नव्हती तेवढी सगळी सोडून झाली. आता एक तर पँट नवी, नाही तर नवरा."

मामांनी नवी पँट घेतली.

त्याच सुमाराला संस्थेत एक नव्या डॉक्टरबाई आल्या. माणसांच्या नव्हे, संशोधनातल्या डॉक्टर. अंगानं काडी, बोलणं भरभर, आणि डोक्यात एकच ध्यास. चरबट खाऊन वजन वाढलं की फुप्फुसात काय होतं? त्यांनी काळेभोर उंदीर मागवले आणि तळघरात दोन मांडण्या लावल्या. डावीकडच्या मांडणीला तूपकट, गोडसर खाद्य. उजवीकडच्या मांडणीला नेहमीच्या कोरड्या कांड्या. दोन्हींना तीन तीन फळ्या, प्रत्येक पिंजऱ्यात चार उंदीर. शेवटी सगळ्यांना सारखाच धुळीचा हलका फवारा हुंगायला द्यायचा आणि कुणाची छाती किती पेटते ते बघायचं, असा बेत होता.

मामांनी पहिल्याच दिवशी तूपकट कांडीचा कोपरा मोडून जिभेवर ठेवला.

"मामा!" बाई ओरडल्या.

"स्वयंपाक्यानं चव बघायला नको?" मामा म्हणाले. "वास केकचा आहे, पण चव मेणबत्तीची."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी स्टुलावर बसून मामांना सगळं नीट समजावलं. मामांना ते फार आवडलं, कारण याआधी त्यांना कुणी काही समजावलं नव्हतं. "आपल्याला वाटतं चरबी म्हणजे नुसतं गाठोडं," बाई म्हणाल्या. "उचललं की दम लागतो, बस्स. पण ती गप्प पडून राहत नाही. जास्त झाली की ती रक्तातून निरोप धाडत बसते. शत्रू आला, उठा, तयारीत राहा! आणि आपले जे पहारेकरी असतात ना, पांढऱ्या पेशी, ते फुप्फुसात काठ्या घेऊन जमतात. खरा शत्रू कुणीच नसतो. मग जरा धूळ आली की तिच्यावरच तुटून पडतात. त्या हाणामारीत आपल्याच घराची नासधूस. तिथे सूज येते, वाट अरुंद होते. तो दाह."

"म्हणजे भाऊबंदकी," मामा म्हणाले.

"अगदी!"

मामांना सगळं समजलं. ते आपल्यालाही लागू पडतं एवढंच काय ते लक्षात आलं नाही.

उलट त्यांचं लक्ष भलतीकडेच गेलं. रोज सकाळी ते डावीकडे तूपकट खाद्य घालत. खोलीभर केकचा वास सुटे, आणि उजव्या मांडणीतले उंदीर जाळीला नाकं लावून मिशा हलवत उभे राहत. त्यांच्यापुढे मात्र कोरड्या, करड्या, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या कांड्या. एकाच खोलीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं! मामांच्या घरी चार भावंडांना एका बोराचेसुद्धा चार भाग करून मिळत असत. असला पंक्तिप्रपंच त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

पहिल्या आठवड्यात त्यांनी नजर फिरवली. दुसऱ्या आठवड्यात उसासे टाकले. तिसऱ्या आठवड्यात खिशातला पुडा आपसूक उघडला. पिंजऱ्याला पाव बिस्कीट, चौघांत मिळून. एवढ्याशानं काय होतंय? शिवाय मुकी जनावरं, कुणाला सांगणार थोडीच होती.

पण सांगितलं. वजनानं सांगितलं.

तीन महिन्यांनी बाई आकडे मांडून बसल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावी मांडणी हवी तशी जाड होत होती. उजवीकडची खालची फळीही हवी तशी सडपातळ होती. पण उजवीकडच्या वरच्या दोन फळ्या? त्या गुबगुबीत! खाद्य तेच, पाणी तेच, वय तेच. त्यातला सतरा नंबर तर गादीवर रेललेल्या जमीनदारासारखा पिंजऱ्याच्या मधोमध बसून असे.

"वर उकाडा जास्त असेल," बाई म्हणाल्या आणि तीन फळ्यांवर तीन तापमापकं लावली. फरक निघाला नाही. मग उजेड मोजला. मग हवेच्या झडपांची दिशा बदलली. मग तराजू तपासायला पाठवला. मग खाद्य बनवणाऱ्यांना एक कडक पत्र गेलं आणि त्यांचं त्याहून कडक उत्तर आलं. यात आणखी चार-पाच महिने गेले. प्रत्येक वेळी मामा शिडी धरायचे, पट्टी धरायचे आणि "काय कळत नाही बुवा" म्हणायचे. चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांच्या खिशात बिस्कीट. रात्री जेवताना ते गप्प राहू लागले. मामीला वाटलं, बरं झालं, निदान तोंडाला एकच काम उरलं.

याच दिवसांत मामांना जिन्यात, सोळाव्या पायरीच्या जरा अलीकडे, असा दम लागला की ते मटकन खालीच बसले. बाईंनी पाहिलं. त्यांनी मामांचं काहीएक न ऐकता त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे धाडलं.

तिथे एका लहानशा खोलीत एक परिचारिका होती आणि फुंकायचं यंत्र होतं. परिचारिकेनं मामांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि शर्यतीच्या मैदानावर ओरडतात तशी ओरडू लागली. "फुंका! फुंका फुंका फुंका! अजून! थांबू नका! अजू-न!" मामांनी जीव खाऊन फुंकलं. पडद्यावर एक रेघ वर चढली आणि आडवी झाली.

"छान," ती म्हणाली. "आता दोनदा परत."

मग उंदरांच्या केसांचं वावडं आहे का याची तपासणी. मामांच्या हातावर ओळीनं थेंब टाकले, प्रत्येकात सुई टोचली. धुळीचा, बुरशीचा, मांजराचा आणि शेवटी उंदराचा. पंधरा मिनिटं थांबायचं, ज्याचं वावडं असेल तिथे गांधी उठते. मामा उंदराच्या थेंबाकडे मोठ्या आशेनं टक लावून बसले. कातडी सपाट.

डॉक्टर आत आले. सावकाश बोलणारे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ.

"उंदरांनी तुमचं काहीच केलेलं नाही," ते म्हणाले.

"डॉक्टर, थेंब ताजा होता ना?"

"ताजा होता. दिवसभरात काय खाता?"

"जेवण."

"आणि मध्ये?"

"मध्ये म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये, की दोन घासांच्या?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द मामांच्या ओळखीचा होता. पोट वर दाबतं म्हणून फुप्फुसाला फुगायला जागा नाही, हे एक. पण तेवढंच नाही. चरबी निरोप धाडते. पहारेकरी जमतात. सूज येते. वाट अरुंद होते.

"भाऊबंदकी," मामा पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. माहीत आहे मला. म्हणजे... उंदरांचं माहीत होतं."

डॉक्टरांनी ओढायचं औषध दिलं, रोज चालायला सांगितलं आणि खाण्याचा कागद लिहून दिला. कागदावर बिस्कीट हा शब्द होता आणि त्यावर काट मारलेली होती. दोनदा.

दुसऱ्या दिवशी मामा तळघरात गेले तेव्हा त्यांना उंदरांकडे बघवेना. बावीस वर्षं येईल त्याच्यापाशी त्यांची चुगली केली, आणि ते बिचारे निर्दोष. त्यातून तो तपासणीचा दिवस होता. प्रत्येक फळीवरचे काही उंदीर बाई त्या दिवशी घेऊन गेल्या. ते परत येणार नव्हते. अशा दिवशी मामा कोपऱ्यातल्या मोरीवर उभे राहून धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धूत. बावीस वर्षांत त्यांना त्याची सवय झाली नव्हती, आणि व्हावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

आठवड्यानं बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "बघा." मामांनी एक डोळा मिटून पाहिलं. फिकट गुलाबी जाळी, मोकळी, नाजूक. "ही खालच्या फळीची." काच बदलली. जाळी जाड, भोकं आकसलेली आणि वाटांच्या कडेनं जांभळे ठिपके दाटीवाटीनं. "ही वरची. त्याच खाद्यावरची. डाव्या मांडणीइतकी नाही, पण त्याच वाटेवर."

"हे ठिपके म्हणजे?"

"पहारेकरी."

मामांनी डोळा काढला नाही. ते ठिपके त्यांनी पाव पाव करून स्वतःच्या हातानं जमवले होते.

"मला काही सुचत नाही, मामा," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच सावकाश झाला. "सोमवारी वरिष्ठांना सांगणार आहे, प्रयोग बंद करते. जिला दोन मांडण्या सांभाळता येत नाहीत तिनं उगाच... उकाडाच असेल. माझ्याच लक्षात आलं नसेल."

"बाई," मामा म्हणाले. "तो उकाडा नाही."

"मग?"

"बिस्कीट आहे."

बाईंना आधी कळलंच नाही. "कसलं बिस्कीट?"

"क्रीमचं."

मामांनी सगळं सांगितलं. केकचा वास, जाळीला लावलेली नाकं, पाव तुकडा, सोमवार ते शुक्रवार. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल होत गेला.

"आणि खालच्या फळीला का नाही दिलं?"

मामांनी मान खाली घातली. तिथे बूट असायला हवे होते, पण त्यांना पोटच दिसलं.

"कामापुरतं कसंबसं वाकतो. त्यावर आणखी वाकवत नाही, बाई."

बाई उठल्या. "आठ महिने, मामा," एवढंच म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या. मामा तिथेच बसून राहिले. बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं. अर्ध्या तासानं बाई परतल्या. डोळे रडून सुजले होते आणि तोंडावर काही केल्या दाबता न येणारं हसू होतं.

"तीन तापमापकं," त्या म्हणाल्या. "झडपा फिरवल्या. त्या खाद्यवाल्यांना मी काय काय लिहिलं, मामा! डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. मी उंदीर पोखरून बिस्कीट काढलं." आणि त्या स्टुलावर बसून पोट धरून हसल्या. मामांना हसावं की नाही कळेना, म्हणून ते खोकले.

सोमवारी बाईंनी वरिष्ठांना सगळं खरं सांगितलं. मामांनी चूक केली हे सांगितलं, आणि ती स्वतः होऊन कबूल केली हेही. मामांना दोन महिने खाद्याला हात लावायची बंदी झाली. तळघराच्या दारावर पाटी लागली, 'खाण्याचे पदार्थ आत नेऊ नयेत'. उजवी मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, आणि त्यात बाईंचा जवळजवळ वर्षभराचा वेळ गेला. तो गेला तो गेलाच. मामा ते कधी विसरले नाहीत.

पण वरच्या दोन फळ्यांवर राहिलेल्या उंदरांचं काय करायचं? बाई म्हणाल्या, "ते आता जाड झालेच आहेत. त्यांना नुसत्या कोरड्या कांड्यांवर दहा आठवडे ठेवू. बघू तरी, पेटलेलं विझतं का."

"मीही येतो," मामा म्हणाले.

"कुठे?"

"त्यांच्यात. माझ्यामुळे त्यांचं तोंड बांधलं गेलं, तर माझं मोकळं कसं ठेवू?"

मग दर शुक्रवारी आधी उंदरांची वजनं होत आणि नंतर मामा खाद्याची पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर चढत. मामांनी सतरा नंबरशी मनोमन स्पर्धा लावली. पहिल्या आठवड्यात सतरा नंबर दोन ग्रॅम उतरला आणि मामा अर्धा किलो चढले.

"हे कसं?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या घरी मामी नाही," मामा म्हणाले.

खरं तर मामीवर आळ अगदीच खोटा नव्हता. तिनं खाण्याचा कागद ओट्याजवळ चिकटवला, उकडलेल्या भाज्या केल्या आणि नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून वर लोण्याचा गोळा सोडला. "चवीपुरता" म्हणे. मामांनी तिला सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगितली. गुलाबी जाळी, जांभळे ठिपके. मग तिनं गोळा चमच्यानं उचलून परत डब्यात ठेवला आणि म्हणाली, "उद्या तुला काही झालं तर मी कुणाचं बोट धरून फिरू? रोज संध्याकाळी चालायला चल." दोघं कोपऱ्यावरच्या छापखान्यापर्यंत जाऊन येऊ लागली. महिन्याभरात त्याच्या पुढच्या चौकापर्यंत.

दहा आठवडे सरले तेव्हा मामा सात किलोंनी उतरले होते. उंदरांच्या मानानं हे काहीच नव्हतं. ते जवळजवळ मूळ वजनावर आले होते. त्यांच्या फुप्फुसांतले ठिपके बरेच पांगले होते, सगळे नाही. वाटा पुष्कळशा मोकळ्या झाल्या होत्या, पूर्ण नाहीत. बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. छातीच्या डॉक्टरांकडे मामांनी पुन्हा फुंकलं, तेव्हा परिचारिकेला निम्म्यातच ओरडणं थांबवावं लागलं. रेघ मागच्या वेळेपेक्षा वर गेली होती. डॉक्टर म्हणाले, "अजून बराच पल्ला आहे." मामा म्हणाले, "असू दे, मला चालायची सवय झालीये."

पुढे वर्षभरानं बाईंनी मोठ्या सभागृहात आपलं काम मांडलं. मामांना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. मामीनं इस्त्री केलेला सदरा घालून मामा शेवटच्या रांगेत बसले. बाईंनी तिसऱ्या गटाचे, म्हणजे वरच्या दोन फळ्यांचे आकडे दाखवले, चूक कशी झाली तेही सांगितलं. पहिल्या रांगेतून एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी विचारलं, "या गटाला जादा खाद्य नेमकं किती मिळालं, याची काही खात्रीलायक माहिती आहे का?"

बाईंनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मामा उभे राहिले. सभागृहातली सगळी डोकी वळली.

"चार जणांत पाव बिस्कीट," मामा खणखणीत आवाजात म्हणाले. "आठवड्यातून पाच दिवस. मधलं क्रीम बहुतेकदा मीच खात असे. ते त्यांच्या हिशेबात धरू नका."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. ज्येष्ठांनी मात्र हसता हसताही ते लिहून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर मामा जिना उतरत होते. मागून कुणी तरी कठडा धरत धरत, थांबत थांबत येत होतं. तेच ज्येष्ठ शास्त्रज्ञ. चांगले भारदस्त, कोटाचं मधलं बटण ताणलेलं, आणि छातीतून बारीक सूं सूं.

"ऐका," ते आजूबाजूला बघून हळूच म्हणाले. "तुमचे ते छातीचे डॉक्टर कुठे असतात?"

मामांनी पत्ता सांगितला. मग जरा जवळ सरकून म्हणाले, "नळी ओठांनी घट्ट धरा, साहेब. बाजूनं हवा गेली की तिथली परिचारिका परत फुंकायला लावते. आणि सकाळी जा. दुपारी तिचा आवाज बसलेला असतो."